गाडी बचावाची की बंदोबस्ताची?

पोलीस खात्याने गाडी विकत घेतली, ही बातमी एरवी आतल्या पानावर चार ओळींत संपावयाची. परंतु गाडी चिलखती असली, तिच्या काचा गोळीला दाद न देणाऱ्या असल्या आणि कागदोपत्री तिचे नाव 'आपत्कालीन बचाव वाहन' असे असले, म्हणजे तिचे छायाचित्र पहिल्या पानावर येते, मंत्रिमहोदय तिच्यापुढे नारळ फोडतात आणि शहर आता सुरक्षित झाले, अशा आशयाचे चार शब्द बोलले जातात. महाराष्ट्रात अशा गाड्यांचा खरा प्रवेश मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर झाला. महिंद्र कंपनीची 'मार्क्समन' ही गाडी २००९ मध्ये पुढे आली आणि मुंबई पोलिसांच्या ताफ्यात दाखल झाली. त्यानंतर देशातील अनेक शहरांच्या पोलिसांना अशा गाडीची गरज भासू लागली. ज्या शहराकडे ती नाही त्याच्या पोलीस प्रमुखाला आपण काहीतरी कमी आहोत, असे वाटू लागावे इतपत तिची प्रतिष्ठा वाढली.

या खरेदीचा विचार मुंबईत बसून केला तर एक उत्तर मिळते. बीड जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, बालाघाटाच्या पठारावर असलेल्या घाटनांदूरसारख्या गावातून केला तर निराळे मिळते. घाटनांदूर हे अंबाजोगाई तालुक्यातील मोठे गाव. परळीहून लातूर रोडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील स्थानक. अंबाजोगाईला रेल्वे नाही, म्हणून त्या तालुक्याच्या ठिकाणाला आगगाडीची सोय या गावाने पुरवावयाची, अशी उलटी व्यवस्था येथे कित्येक वर्षे आहे. जिल्ह्याचे ठिकाण सुमारे शंभर किलोमीटरवर. जिल्हा पोलिसांकडे उद्या एखादी चिलखती गाडी आली तरी ती बीडच्या पोलीस मुख्यालयात उभी राहणार, हे सांगण्यास ज्योतिषाची आवश्यकता नाही. संकट ओढवल्यावर ती घाटनांदूरला पोहोचेपर्यंत संकटाचा निकाल लागून गेलेला असेल. मग 'बचाव' या शब्दाने नेमके कोणाला आणि कशापासून वाचवावयाचे आहे, हा प्रश्न या गावच्या माणसाने विचारला तर तो आडमुठेपणाचा ठरत नाही.

प्रथम या गाडीच्या बाजूने जे बोलावयास हवे ते बोलले पाहिजे, आणि ते थोडे नाही. २६ नोव्हेंबरच्या रात्री कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत हेमंत करकरे, अशोक कामटे आणि विजय साळसकर हे तीन अधिकारी आणि त्यांचे सहकारी एका साध्या क्वालिस गाडीतून चालले होते. गाडीत सात पोलीस होते. झुडपांआडून झालेल्या गोळीबारात त्यांतील सहा जणांचे प्राण गेले. मागे पडलेला एक हवालदार जखमी अवस्थेत वाचला. पत्र्याचे दार बंदुकीच्या गोळीपुढे कागदासारखे असते, हे ज्ञान नवे नव्हते, परंतु त्या रात्री त्याची किंमत मोजावी लागली. त्याच गाडीत बसून दोन्ही हल्लेखोर पुढे गेले, वाटेत त्यांनी गोळीबार केला, आणि टायर निकामी झाल्यावर त्यांनी दुसरी मोटार पळविली. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे या सहायक उपनिरीक्षकाने नि:शस्त्र हातांनी कसाबची बंदूक धरून ठेवली, म्हणून तो जिवंत सापडला. अशोक कामटे यांच्या पत्नी विनिता कामटे यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात जो प्रश्न विचारला, तो या चर्चेच्या मुळाशी आहे: गल्लीत पडलेल्या जखमींपर्यंत मदत वेळेवर का पोहोचली नाही? गोळीबाराच्या माऱ्यात शिरून पडलेला माणूस उचलून आणील असे वाहन हाताशी असते तर, हा विचार ज्याच्या मनात आला नाही असा पोलीस त्या रात्रीनंतर मुंबईत क्वचितच असेल.

हे काम अशा गाड्यांनी केल्याची उदाहरणे आहेत. अमेरिकेत टेक्सास विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून १ ऑगस्ट १९६६ रोजी एका माथेफिरूने गोळीबार केला, तेव्हा पटांगणात पडलेले जखमी हलविण्यासाठी पैशांची ने-आण करणारी चिलखती गाडी आणावी लागली. लॉस एंजलिसच्या नॉर्थ हॉलिवूड भागात २८ फेब्रुवारी १९९७ रोजी दोन दरोडेखोरांनी अंगावर चिलखत चढवून पोलिसांशी भर रस्त्यात लढाई केली, त्या वेळीही जखमी पोलीस आणि नागरिक यांना बाहेर काढण्याकरिता पोलिसांनी एक पैसेवाहू गाडी ताब्यात घेतली. दोन्ही दरोडेखोर मेले. पोलीस व नागरिक यांपैकी जखमी पुष्कळ झाले, पण जीव एकाचाही गेला नाही. या दोन्ही प्रसंगी चिलखताने केले ते निव्वळ बचावाचे काम. विशेष असे की, दोन्ही वेळी गाडी पोलिसांच्या मालकीची नव्हती. ती बँकेच्या कामाची होती, गरज संपताच आपल्या कामाला परत गेली.

मात्र गाडीने सर्व काही साधते, असा समज करून घेणे धोक्याचे. मुंबईच्या हल्ल्यानंतर राज्य सरकारने माजी केंद्रीय गृहसचिव राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. तिने २००९ च्या एप्रिलमध्ये आपला अहवाल दिला. शीघ्र कृती दलाच्या जवानांचा नेमबाजीचा सराव गोळ्यांच्या तुटवड्यामुळे दीर्घकाळ झालेला नव्हता, अशी त्यात नोंद होती. सरावाची गोळी ही स्वस्त वस्तू. तिचे छायाचित्र कोणी काढीत नाही आणि तिच्यापुढे नारळही फुटत नाही. म्हणून ती अंदाजपत्रकात मागे राहते आणि गाडी पुढे सरकते. पोलीस दलांच्या आधुनिकीकरणाची केंद्राची योजना १९६९-७० पासून चालू आहे. या दीर्घ काळात आधुनिकीकरण म्हणजे खरेदी, असा अर्थ खात्याच्या अंगवळणी पडला असेल तर नवल नाही.

चिलखताचे गणित

चिलखती गाडी काय करू शकते आणि काय करू शकत नाही, हे मुंबईपेक्षा गडचिरोलीत अधिक स्पष्टपणे कळते. शहरातील गोळी बाजूने येते. जंगलातील स्फोट खालून येतो. खालून येणाऱ्या स्फोटाला तोंड देण्याची युक्ती दक्षिण आफ्रिकेत विकसित झाली. गाडीचा तळ सपाट न ठेवता नांगराच्या फाळासारखा निमुळता करावयाचा, आणि तो जमिनीपासून उंच उचलावयाचा, म्हणजे स्फोटाचा जोर दोन्ही अंगांनी बाहेर फेकला जातो व आतील माणसे वाचतात. 'कॅस्पिर' नावाची त्या देशाची गाडी चाकाखाली २१ किलो आणि पोटाखाली १४ किलो स्फोटकांचा मारा सोसू शकते, असे तिच्याबद्दल सांगितले जाते. भारताने ती आयात केली. पुढे मेदक येथील आयुध निर्माणीत त्याच धर्तीची 'आदित्य' तयार होऊ लागली. नक्षलग्रस्त भागांत या गाड्या पाठविल्या गेल्या तेव्हा भूसुरुंगांवर उपाय सापडला, असे अनेकांना वाटले.

त्यावर प्रतिपक्षाने शोधलेला उपाय फारच सोपा होता. चौदा किलोला गाडी दाद देत नसेल तर पन्नास किलो पुरावयाचे. ३ सप्टेंबर २००५ रोजी छत्तीसगडात पदेडा येथे सुरुंगरोधक गाडीच उडविली गेली आणि वीसहून अधिक जवानांचा बळी गेला. १३ मार्च २०१८ रोजी सुकमा जिल्ह्यातील किस्टाराम येथे पुन्हा तसेच घडले. केंद्रीय राखीव पोलीस दलाचे नऊ जवान मृत्युमुखी पडले. पोलादाची जाडी वाढविण्याला मर्यादा आहे, कारण गाडीला चालावयाचे असते. स्फोटकांचे वजन वाढविण्याला तशी मर्यादा नाही, कारण सुरुंगाला कोठेही जावयाचे नसते. या विषम शर्यतीत पोलाद कायमचे जिंकेल, ही आशा व्यर्थ आहे.

परंतु म्हणून चिलखत निरुपयोगी, असे म्हणणे म्हणजे दुसऱ्या टोकाची चूक होय. १ मे २०१९, महाराष्ट्र दिन. गडचिरोलीत कुरखेडा तालुक्यातील दादापूर येथे रस्त्याच्या कामावरील पंचवीसहून अधिक वाहने नक्षलवाद्यांनी पहाटे जाळली. तिकडे निघालेले शीघ्र कृती दलाचे पंधरा जवान एका खाजगी गाडीत बसले होते. जांभुळखेड्याजवळ रस्त्याखाली सुरुंग पेरलेला होता. पंधरा जवान आणि गाडीचा चालक असे सोळा जण जागच्या जागी ठार झाले. त्या जवानांत बीड जिल्ह्यातील पाटोद्याचा एक तरुण होता. म्हणजे हा प्रश्न घाटनांदूरपासून वाटतो तितका दूर नाही. मराठवाड्याच्या कोरडवाहू गावांतील पोरे पोलिसात भरती होतात आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या रस्त्यांवर जीव देतात. ज्या राज्याच्या राजधानीच्या रस्त्यावर सहा माणसांची चिलखती गाडी उभी असते, त्याच राज्यात सुरुंगांच्या मुलखात पंधरा जण भाड्याच्या वाहनात बसून जातात, या विसंगतीचे समर्थन कोणत्या शब्दांत करावयाचे?

याला जोडून आणखी एक सत्य आहे व तेही टाळता येत नाही. त्या मुलखात रस्ता तपासल्याखेरीज गाडीत पाय ठेवू नये, शक्य तेथे पायी जावे, असा तेथील पोलिसांचा जुना दंडक आहे. जाळपोळ करून पोलिसांना घाईने बोलावून घ्यावयाचे आणि वाटेत गाठावयाचे, हा सापळाही जुना. दंडक पाळला गेला असता तर साध्या गाडीचा प्रश्नच आला नसता, आणि दंडक मोडल्यावर चिलखती गाडीही वाचवील याची शाश्वती नव्हती. चिलखतात बसलेल्या माणसाला सावधगिरीचा विसर पडतो, असे अनुभवी अधिकारी सांगतात. जाड काचेतून बाहेरचे दिसते कमी आणि ऐकू त्याहून कमी येते. वजनामुळे गाडी अरुंद वळणावर वळत नाही. पावसाळ्यात काळ्या मातीत रुतली तर तिला काढण्यास दुसरी गाडी लागते. मराठवाड्यातील एखाद्या पाणंद रस्त्यावर जुलै महिन्यात हा प्रयोग कोणी केला, तर बचाव वाहनाचा बचाव करण्यास गावच्या ट्रॅक्टरला बोलवावे लागेल.

नावात काय नाही?

गाडीच्या नावाकडे आता वळणे आवश्यक आहे. सरकारी भाषेत नाव हे वस्तूचे वर्णन नसते, ते बहुधा वस्तूवरचे पांघरूण असते. घाटनांदूरच्या वृद्धांना हे निराळे समजावून सांगावे लागणार नाही. निजामाच्या राजवटीत हा भाग मोमिनाबाद तालुक्यात मोडत असे. आजचे अंबाजोगाई म्हणजे तेव्हाचे मोमिनाबाद, हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाचे ठाणे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून रणगाड्यांसह या संस्थानात शिरले आणि पाच दिवसांत निजामाने शरणागती पत्करली. त्या लष्करी मोहिमेला नाव मिळाले 'पोलीस ॲक्शन'. मराठवाड्याच्या बोलीत ते नाव आजही तसेच आहे. त्या वेळी रणगाड्याला पोलीस म्हटले गेले ते आंतरराष्ट्रीय कायद्याच्या सोयीसाठी, आणि त्या मुक्तीचे मोल मराठवाडा जाणतो. पण आज त्याच वाटेने उलट्या दिशेला प्रवास चालू आहे: पोलिसाच्या हाती रणगाड्याची धाकटी बहीण द्यावयाची आणि तिला बचावाचे नाव ठेवावयाचे.

पोलिसाच्या हातात चिलखत गेल्यावर काय होऊ शकते, याचा सर्वांत विदारक दाखला उत्तर आयर्लंडमधील आहे. १९६९ च्या ऑगस्टमध्ये बेलफास्ट शहरात दंगल उसळली. तेथील पोलीस दलाकडे 'शॉरलंड' नावाच्या चिलखती गाड्या होत्या. त्यांवर मशीनगन बसविलेली होती. मुळात सीमेवरील गस्तीसाठी घेतलेल्या या गाड्या वस्तीच्या रस्त्यात आणल्या गेल्या. त्यांतून झाडलेल्या गोळ्या डिव्हिस फ्लॅट्स या इमारतींच्या भिंती भेदून आत गेल्या आणि आपल्या घरात असलेला नऊ वर्षांचा एक मुलगा ठार झाला. त्यानंतर दोनच महिन्यांत हंट समितीने पोलिसांचे स्वरूप पुन्हा नागरी करावे, अशी शिफारस केली आणि त्या गाड्या पोलिसांकडून काढून घेण्यात आल्या. दक्षिण आफ्रिकेत तर जवानांचे पाय वाचावेत म्हणून बनविलेली तीच कॅस्पिर १९८० च्या दशकात पिवळा रंग लावून कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत फिरू लागली. तिच्यातून उतरणाऱ्यांच्या दृष्टीने ती सुरक्षितता होती. तिच्याकडे झोपडीच्या दारातून पाहणाऱ्यांच्या दृष्टीने ती दुसरेच काही होती. यंत्र एकच. त्यात कोण बसले आणि त्यासमोर कोण उभे राहिले, यावर त्याचा अर्थ ठरला.

अमेरिकेतील अनुभव अलीकडचा आहे आणि तो हास्यास्पदतेकडे झुकणारा आहे. न्यू हँपशायर राज्यातील कीन हे सुमारे तेवीस हजार वस्तीचे गाव. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लहान नगरपालिकेएवढे. तेथील पोलिसांनी 'बेअरकॅट' नावाच्या चिलखती गाडीसाठी केंद्र सरकारकडे अर्ज केला आणि दहशतवादाचे संभाव्य लक्ष्य म्हणून गावच्या भोपळ्यांच्या उत्सवाचे नाव लिहिले. जवळजवळ २ लाख ८६ हजार डॉलरचे अनुदान मिळाले. गावकऱ्यांनी २०१२ मध्ये त्यावरून मोठा गदारोळ केला. परंतु भोपळ्यांचा विनोद २०१४ च्या ऑगस्टमध्ये संपला. मिसूरी राज्यातील फर्ग्युसन येथे एका नि:शस्त्र कृष्णवर्णीय तरुणाला पोलिसाने गोळी घातली, लोक रस्त्यावर आले आणि त्यांच्यासमोर पोलिसांच्या चिलखती गाड्या उभ्या राहिल्या. त्यांच्या छतावर बसलेले पोलीस आपल्याच नागरिकांवर बंदुका रोखून आहेत, हे दृश्य जगाने पाहिले. लष्कराचे जुने सामान पोलिसांना देण्याच्या योजनेवर ओबामा सरकारने २०१५ मध्ये निर्बंध घातले, ट्रम्प सरकारने २०१७ मध्ये ते उठविले. गाड्या मात्र जेथल्या तेथेच आहेत.

आणि ज्या दिवशी खरोखरच बचावाची घटका आली त्या दिवशी काय झाले? टेक्सासमधील युव्हाल्डी या लहान गावात २४ मे २०२२ रोजी एक बंदूकधारी शाळेत शिरला. पावणेचारशेच्या आसपास पोलीस तेथे गोळा झाले. ढाली आल्या, बंदुका आल्या. वर्गाचे दार उघडून आत जाण्यास सत्याहत्तर मिनिटे लागली. एकोणीस मुले आणि दोन शिक्षिका मरण पावल्या. साधनांच्या कमतरतेने नव्हे, तर निर्णय कोणी घ्यावयाचा हेच ठरले नाही म्हणून ती मिनिटे गेली, असे पुढील चौकशांतून निष्पन्न झाले.

हे वाचताना बीड जिल्ह्यातील माणसाला ३० ऑक्टोबर २०२३ हा दिवस आठवल्यावाचून राहणार नाही. मराठा आरक्षणाच्या आंदोलनाला त्या दिवशी हिंसक वळण लागले. माजलगावात आमदार प्रकाश सोळंके यांचे घर पेटविण्यात आले. ते त्या वेळी घरातच होते. बीड शहरात आमदार संदीप क्षीरसागर यांच्या घराला आग लावण्यात आली. अखेर संचारबंदी पुकारावी लागली. त्या सायंकाळी जमावाने वेढलेल्या जळत्या घरातून माणसे बाहेर काढण्यासाठी एखादी भक्कम गाडी असावयास हवी होती, असे कोणी म्हटले तर त्याला खोडून काढता येणार नाही. परंतु त्या दिवसाबद्दल पुढे विधिमंडळात जी चर्चा झाली तिचा रोख गाडीच्या अभावावर नव्हता. जमाव दिवसभर शहरातून फिरत असताना पोलीस कोठे होते, हा तिचा रोख होता. त्याच्या दोन महिने आधी, १ सप्टेंबर रोजी, शेजारच्या जालना जिल्ह्यात अंतरवाली सराटी येथे उपोषणाच्या ठिकाणी पोलिसांनी लाठ्या चालविल्या होत्या आणि गृहमंत्र्यांना त्याबद्दल क्षमा मागावी लागली होती. एकदा बळाचा अतिरेक, पुढच्या वेळी बळाचा अभाव. या दोहोंच्या मधली जी शहाणी जागा आहे ती कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही.

पुढच्याच वर्षी, ९ डिसेंबर २०२४ रोजी, केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे दिवसाढवळ्या अपहरण करून त्यांची हत्या करण्यात आली. सारा महाराष्ट्र हादरला. तपास राज्य गुन्हे अन्वेषण विभागाकडे आणि विशेष पथकाकडे गेला, जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक बदलले गेले. खटल्याचा निर्णय न्यायालय करील. पण मस्साजोगच्या माणसांना पोलीस खात्याकडून जी अपेक्षा होती, ती चिलखती गाडीची खासच नव्हती. तक्रार घेऊन गेलेल्या माणसाचे ऐकून घेतले जावे आणि अपहरणाची वर्दी येताच चार पोलिसांनी साध्या जीपमधून का होईना पण ताबडतोब निघावे, एवढीच ती अपेक्षा.

या भागाला हवे असलेले वाहन

मराठवाड्यात 'बचाव' या शब्दाला स्वतःचा इतिहास आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जन करून दमलेली माणसे झोपेत असताना, किल्लारीच्या परिसरातील जमीन हादरली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे दगडमातीखाली गाडली गेली. आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे मेली. त्या पहाटेचे हादरे अंबाजोगाई तालुक्यातही जाणवले. त्या भागातील घरांच्या दोन-दोन हात रुंदीच्या दगडी भिंती म्हणजे एक प्रकारचे चिलखतच. चोर, उन्ह, थंडी या सर्वांपासून पिढ्यान्‌पिढ्या रक्षण करणारे ते चिलखत त्या रात्री आतल्यांच्या अंगावर कोसळले. पहिले काही तास शेजाऱ्यांनी हातांनी आणि कुदळींनी ढिगारे उपसले. यंत्रे आली, लष्कर आले, पण ते नंतर. ज्याला वाचवावयाचे असते त्याच्या दृष्टीने 'नंतर' या शब्दाला अर्थ नसतो.

त्यानंतर राज्यात आपत्ती व्यवस्थापनाचा पसारा वाढला, हे मान्य केले पाहिजे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी पुण्याजवळ आहे. राज्याचे दल २०१६ पासून धुळे आणि नागपूर येथे आहे. मराठवाड्यात मात्र ते दोन्ही बाहेरून यावे लागते. सप्टेंबर २०२१ मध्ये मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले आणि नदीकाठची गावे पाण्यात गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये बीड, धाराशिव, लातूर या जिल्ह्यांत पुराने पुन्हा हाहाकार उडविला, माणसांना हेलिकॉप्टरने उचलावे लागले. दुष्काळी म्हणून ओळखला जाणारा हा प्रदेश आता बुडतोही. अशा वेळी उपयोगी पडेल ती नाव, तो दोर, ती उंच चाकांची मालमोटार. ऊसतोडणीच्या हंगामात मजुरांनी भरलेली ट्रॉली उलटते तेव्हा लागते ती क्रेन आणि पत्रा कापणारे यंत्र. विहिरीत पडलेल्यासाठी लागते ती कप्पी. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. तिने अक्षरशः असंख्य जीव वाचविले, पण तिच्या दारावर चिलखत नाही म्हणून तिचे छायाचित्र पहिल्या पानावर येत नाही. अंबाजोगाईला १९७४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. जखमी माणूस तेथवर वेळेत पोहोचला तर वाचण्याची आशा असते. प्रश्न आहे तो मधल्या रस्त्याचा.

याचा अर्थ राज्यात चिलखती गाडी नसावी, असा मुळीच नव्हे. मुंबईला ती हवी. गडचिरोलीला मुंबईच्या आधी हवी, आणि तिच्याबरोबर रस्ता तपासणारी माणसे, कुत्री व यंत्रेही हवीत. मात्र ज्या गाडीला बचावाचे नाव द्यावयाचे तिच्यात दोन स्ट्रेचर ठेवण्यास जागा असली पाहिजे. सहा सशस्त्र जवान, बाहेर गोळ्या झाडण्याचे झरोके आणि छतावर बंदुकीची बैठक अशी रचना असेल, तर तिला खरे नाव द्यावे. मोर्चा, उपोषण, रास्ता रोको अशा प्रसंगी ती बाहेर काढावयाची नाही, असा लेखी नियम असावा. अपवाद करावयाचा झाल्यास तो कोणी केला याची सहीनिशी नोंद असावी. सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाशसिंह खटल्यात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमण्याचा आदेश दिला. महाराष्ट्राने त्यासाठी २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. ते प्राधिकरण अशा नोंदी तपासू शकेल.

खरेदीच्या प्रस्तावात किंमत असते, इंजिनाची शक्ती असते, काचेची जाडी असते. चालकाच्या प्रशिक्षणाला किती दिवस दिले, टायर व सुटे भाग पाच वर्षांनी कोठून आणावयाचे, डिझेलचा खर्च कोणत्या शीर्षाखाली घालावयाचा, हे रकाने बहुधा रिकामे असतात. म्हणूनच मोठ्या थाटात आलेली वाहने काही वर्षांत पोलीस मुख्यालयाच्या आवारात वडाखाली उभी दिसतात, त्यांच्या टपावर कबुतरे बसतात. गाडी वर्षातून किती वेळा बाहेर पडली, कोणत्या कामासाठी पडली, ठिकाणावर पोहोचण्यास किती मिनिटे लागली आणि तिच्यातून किती माणसे जिवंत परत आणली, एवढे चार रकाने प्रत्येक जिल्ह्याच्या पोलिसांनी भरावेत आणि गृहखात्याच्या मागण्यांवरील चर्चेच्या वेळी ते विधानसभेच्या पटलावर ठेवावेत. घाटनांदूरच्या प्रतिनिधीला त्यांतील तिसरा रकाना प्रथम वाचता येईल.